अकरावा विराम

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून भलती अपेक्षा ठेवणार नाही. पालीला, कुत्र्याला, विमानाला भिणारी माणसं वेगळी. त्यांची भीती समोर पाल आली की सुरू होते आणि पाल गेली की संपते. मी सरकारी भित्रा. मला खाकी लिफाफ्याची भीती वाटते, आणि त्यावर माझं नाव टाइप केलेलं असेल तर तो मी आधी शेजारच्या टेबलावर सरकवतो.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलात बेलापूरच्या आमच्या कचेरीत असा एक लिफाफा तयार होत होता. आमचे गुळवणीसाहेब एकतीस मेला निवृत्त होणार होते आणि जाण्याआधी बदल्यांच्या यादीवर सही करून जाणार होते. यादीत चौदा नावं होती. नववं माझं. केळुसकर, वरिष्ठ लिपिक, सिरोंचा. मी घरी येऊन नकाशात सिरोंचा शोधायला गेलो, तर बोट दोनदा महाराष्ट्राच्या बाहेर घसरलं. बायको सुचित्रा नेरूळच्या शाळेत शिक्षिका, मुलगी वैदेही दहावीत जाणार, आणि मला चहासुद्धा नीट करता येत नाही. एकतीस मेच्या आत सही झाली नाही तर त्या वर्षीची यादी बाद होणार होती. पण गुळवणीसाहेबांनी सही केली नाही असा कागद अजून जन्माला यायचा होता.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा शहाजी म्हणाला, "साहेबांच्या नजरेत भर की जरा. काहीतरी कर." आणि मी काही करायच्या आत त्यानेच केलं. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आला, की केळुसकरांच्या घरी रेकॉर्डिंगची सगळी सोय आहे.

सोय माझी नव्हती. ती होती आमच्या शेजारच्या शौकतभाईंची. शौकतभाई मूळचे उरणकडचे, न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंग एजंट. त्यांच्या मेव्हण्याने कुवेतहून एक जपानी डेक पाठवला होता, दोन माईक लावायची सोय असलेला. त्याच्यावर मी एकदा सोसायटीच्या गणपतीची आरती रेकॉर्ड केली होती. तीत झांजा तेवढ्या नीट आल्या होत्या. एवढीच माझी या क्षेत्रातली कारकीर्द.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब स्वतः भावगीतं लिहितात, स्वतःच चाली लावतात आणि स्वतःच गातात, हे अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं. कारण दर वर्षी स्नेहसंमेलनात ते ऐकावं लागायचं. साहेब म्हणाले, "केळुसकर, माझी चार गीतं ध्वनिमुद्रित करायची. निरोप समारंभात कॅसेट वाजेल. माझ्या मागे काहीतरी राहावं." एवढं बोलून ते थांबले. साहेबांचं थांबणं प्रसिद्ध होतं. झाडायच्या आधी ते असेच थांबायचे, आणि त्या अवधीत लोकांना आपापले जुने गुन्हे आठवायचे. मला तर न केलेलेसुद्धा आठवले. मी म्हणालो, "हो साहेब." चौदा वर्षांच्या नोकरीत मी त्यांना दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

"टेन्शन कशाला घेतो रे?" शौकतभाई डेक आमच्या टेबलावर ठेवत म्हणाले. "मशीन आमी दिली, गाणार तुझा साहेब. तुला फक्त बटण दाबायचाय."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा सुभाष खाली आला. सुभाष पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लाउडस्पीकरचे ॲम्प्लिफायर बनवायचा. डेकवरच्या दोन काचांकडे त्याने डॉक्टर पेशंटच्या जिभेकडे बघतो तसं बघितलं. "फक्त बटण नाय हां. ह्या दोन सुया बघा. एक गाण्याची, एक पेटीची. सुई इथं खाली लोळत राहिली तर नुसती खरखर येनार. आन् इथं लालमदी गेली, की आवाज फाटला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? फाटलेली पँट शिवता येते, आवाज नाय शिवता येत. लेवल आधी बघून घ्यायची. साहेबांना सांगायचं, सगळ्यात मोठ्यांदी कुठं गाता ते एकदा गाऊन दाखवा. त्याच्यावर ही आवाजाची गोळी फिरवून सेट करायची. आन् माईकपासून एक वीतभर लांब बसा म्हणायचं."

"साहेबांना? लांब बसा?"

"मग जवळ बसूद्या. फाटूद्या."

डेकच्या पाठीमागे एक बारीक खटका होता. मी त्याला हात लावताच सुभाष दचकला. "तो ऑटोचा. त्याला हात लावू नका. त्यानं लेवल मशीन आपली आपन ठरवते. सुई लालमदी जातच नाय. पन मानूस गप बसला, की मशीनला वाटतं आवाज कमी पडला, मग ती आसपासचं सगळं वर ओढून आनते. ते बटन भित्र्या लोकांसाठी असतं." मी ते ताबडतोब लक्षात ठेवलं.

पुढची अडचण सोसायटीची. दुपारी तीन ते पाच पाण्याचा पंप बंद ठेवणं आवश्यक होतं. सेक्रेटरी हौसेराव थोरात म्हणाले, "आवो, असं तोंडी कसं चालंल? अर्ज द्या." अर्ज दिला. कमिटीची बैठक झाली. तळमजल्याने हरकत घेतली, तिसऱ्या मजल्याने तळमजल्याला हरकत घेतली, आणि शेवटी ठराव झाला, की दोन तास पंप बंद राहील. मात्र कॅसेटच्या सुरुवातीला 'स्थळ: सागरकिरण सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' असं म्हणावं लागेल. 'मर्यादित' गाळायचं नाही, ही हौसेरावांची सूचना एकमताने मंजूर झाली.

रविवारी तीन वाजता साहेब आले. बरोबर पेटी आणि चारुलताबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, आमच्या मॅडम. बारीकशा, पदर सावरून बसणाऱ्या. साहेब बोलत असताना त्या नेहमी जमिनीकडे बघायच्या. ही सवय आम्हा सगळ्यांनाच होती, त्यामुळे मला त्या परक्या वाटल्या नाहीत. साहेब म्हणाले, "तू आत जाऊन बस. इथे दुसरा श्वास नको." त्या लगेच सुचित्राबरोबर स्वयंपाकघरात गेल्या. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आमच्याकडे दार नव्हतं, पडदा होता.

पहिला प्रसंग पंख्याचा. पंखा चालू ठेवला तर माईकमध्ये वारा येतो. ऐन मे महिना, खिडक्या बंद, आणि साहेबांना पंखा बंद करू का, असं विचारायचं. मी विचारलं नाही. बटण बंद केलं आणि "लाइट गेली वाटतं" असं पुटपुटलो. डेकवरचा दिवा लख्ख पेटलेला होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि थांबले. मला घाम फुटला, पण तो सगळ्यांनाच फुटला होता.

सगळ्यात मोठ्यांदा गाऊन दाखवा, हे मी अर्थातच सांगू शकलो नाही. मी म्हणालो, "साहेब, आपल्या सोयीने." साहेबांनी डोळे मिटले. 'पत्रोत्तराची वाट पाहता संध्याकाळ ही झाली' हे त्यांचं गीत. मुखडा त्यांनी इतक्या हळू म्हटला की सुई जागची हलेना. मी गोळी वाढवली. अंतऱ्याला साहेबांनी एकदम असा आवाज लावला, की दोन्ही सुया लाल घर ओलांडून काचेला टेकल्या आणि तिथेच थरथरत राहिल्या. त्यांच्याकडे बघून मला त्यांची दया आली. आमच्या तिघांची अवस्था सारखीच होती.

एक वीत लांब. ते शब्द माझ्या जिभेपर्यंत येऊन परत गेले. मग मी दुसरा उपाय केला. साहेबांचे डोळे मिटलेले होते, म्हणून माईकचा स्टँड हळूच मागे ओढला. साहेब डोळे मिटूनच पुढे सरकले. मी आणखी ओढला, साहेब आणखी पुढे झाले. असं करत आम्ही दोघं पेटीसकट शोकेसपर्यंत पोचलो. शोकेसला माझी पाठ लागल्यावर उरला एकच मार्ग. मी गोळी खाली फिरवली. आणि नेमके साहेबांनी डोळे उघडले.

"केळुसकर. माझा आवाज कमी करताय?"

असा प्रश्न शत्रूलाही कोणी विचारू नये. मी म्हणालो, "पेटीचा वाढवतोय, साहेब." तेही त्यांना आवडलं नाही.

"मी पुन्हा सुरुवात करतो. आता त्या बटणांना हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही, आणि सुई तर लालमध्ये जाणार. मला सिरोंच्याची बस दिसू लागली. साहेब घाम पुसत होते तेवढ्यात मी वाकलो आणि डेकच्या पाठीमागचा तो खटका दाबला.

त्यानंतर सगळं अतिशय छान झालं. सुया लाल रेषेच्या अलीकडे शिस्तीत उभ्या राहिल्या. साहेब कुजबुजले तरी तिथेच, गरजले तरी तिथेच. चारही गीतं पार पडली. अधूनमधून साहेब भावनेच्या भरात ओळ अर्धवट सोडत, पेटीही थांबवत आणि बराच वेळ गप्प बसत. त्याला ते विराम म्हणत. असे एकूण अकरा विराम झाले. मी हात मांडीवर ठेवून त्या यंत्रातल्या अज्ञात जपानी माणसाला दुवा देत होतो.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी हेडफोन लावला, आणि पाचव्या मिनिटाला तो काढून टाकला. वाटलं, खोलीत कोणीतरी आहे.

सुभाष खोटं बोलला नव्हता. साहेब गाता गाता थांबले, की यंत्र हळूहळू सगळं वर ओढत होतं. पहिल्या विरामात कावळा. दुसऱ्यात खाली अंगणातून हौसेराव ओरडत होते, "शांतता राखा! वर साहेब गातायत!" तिसऱ्यात कपबशा. आणि चौथ्यापासून बाया. पडद्याआडचं कुजबुजणं असं स्पष्ट येत होतं, जणू माईक चारुलताबाईंच्याच पुढ्यात ठेवला होता. त्या साहेबांच्या मागोमाग तीच ओळ अगदी हळू गुणगुणत होत्या. सातव्या विरामात त्या सुचित्राला म्हणाल्या, "तिथे कोमल निषाद लागतो. हे शुद्ध लावतात. अठ्ठावीस वर्षं झाली."

"मग सांगत का नाही?" हा सुचित्राचा आवाज.

"तुम्ही सांगून बघा."

मग दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. साहेबांच्या चुकीचा पुरावा, साहेबांच्या पत्नीच्या तोंडून, साहेबांच्याच कॅसेटवर, माझ्या घरात तयार झालेला. यादीतल्या उरलेल्या तेरा जणांना सोडून साहेब मला एकट्यालाच सिरोंच्याला धाडतील, कदाचित चालत.

"तुम्ही गाणं शिकलायत का, असं मी विचारलं त्यांना," सुचित्रा म्हणाली. "लग्नाआधी आठ वर्षं शिकल्यात. साहेबांच्या रियाजाच्या वेळी घरात दुसरा आवाज नको, म्हणून बंद केलं. मग बंदच राहिलं." तिने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, "हे पुसू नका हो."

"सिरोंच्याला मला वरणभात कोण घालणार?" मी ओरडलो. अर्थात हळू आवाजात.

शौकतभाईंचा टू-इन-वन आणला. डेकवरून त्याच्यावर दुसरी कॅसेट उतरवायची आणि प्रत्येक विराम आला की गोळी शून्यावर न्यायची, गाणं सुरू व्हायच्या आत परत वर. सुभाष म्हणाला, याला मिक्सिंग म्हणतात. मी याला हात जोडून केलेली चोरी म्हणतो. विराम कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पाठ व्हावं म्हणून मी पूर्ण आठवडा ती कॅसेट ऐकली. शेवटचा, अकरावा विराम सगळ्यात लांब होता. त्यात साहेबांनी अर्धी सोडलेली ओळ चारुलताबाई पूर्ण करतात. अगदी हलक्या आवाजात, पण पूर्ण. तो मी चाळीसेक वेळा तरी ऐकला असेन. मला गाण्यातलं काही कळत नाही. तरी तिथे आलं की मी जरा बसूनच राहायचो.

प्रत्यक्ष उतरवायच्या दिवशी दहा विराम मी बिनचूक दाबले. अकरावा जवळ आला. मी गोळीवर बोटं ठेवली. आणि दारावरची बेल वाजली.

"केळुसकर!"

साहेबांचा आवाज. मी खुर्चीवरून उठलो कसा, दार उघडलं कसं, मला आठवत नाही. साहेब आत आले आणि म्हणाले, "झालं का? इकडून जात होतो, म्हटलं घेऊनच जाऊ." मी "हो साहेब" म्हणालो. मागे वळून पाहिलं तर टू-इन-वनची फीत शांतपणे फिरत होती. अकरावा विराम कधीच उतरला होता. साहेबांनी स्वतःच्या हाताने कॅसेट काढली आणि खिशात घातली.

"साहेब, एकदा ऐकून..." मी म्हणालो.

"नाही. पहिलं श्रवण समारंभातच. सगळ्यांबरोबर."

पुढचे चार दिवस मी जेवलो नाही असं नाही, पण चव लागली नाही. एका दुपारी साहेब कचेरीत असताना सुचित्राने चारुलताबाईंना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी विचारलं, "कितवा राहिला म्हणालात?"

"अकरावा."

"तो बरा झाला होता," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

एकतीस मेला चार वाजता सभागृहात समारंभ झाला. साहेबांना हार, मॅडमना शाल आणि नारळ. बदल्यांची यादी साहेबांच्या टेबलावर तयार होती. समारंभ आटोपून सही करायची, साडेपाचला पदभार सोडायचा, असा क्रम होता. कॅसेट लावायला मलाच उभं केलं. पहिला विराम आला. मी तो इतका स्वच्छ दाबला होता, की लोकांना वाटलं गाणं संपलं, आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्याला पुन्हा टाळ्या. असं दहा वेळा झालं. साहेब प्रत्येक वेळी मान किंचित झुकवत होते. आयुष्यात त्यांना एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

मी मोजत होतो. अकराव्याला लोकांनी हात उचलले, आणि ते तसेच राहिले. स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. साहेबांनी सोडलेली ओळ तिने उचलली आणि हलक्या हाताने खाली ठेवली. झेरॉक्सवाल्यानेसुद्धा हातातला समोसा खाली घेतला.

"वा!" साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "केळुसकर, मला न सांगता? कोण आहे ही? आकाशवाणीवरची का?" मग बाजूला वळून ते चारुलताबाईंना म्हणाले, "ऐकलंस? याला आवाज म्हणतात."

मॅडम जमिनीकडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "सांगा ना केळुसकर. कोण आहे?"

मी दाराकडे बघितलं. तिथे शहाजी उभा होता, म्हणजे तोही मार्ग बंद. "साहेब," मी म्हणालो, "त्या... मॅडम आहेत."

साहेब थांबले. पण हे नेहमीचं थांबणं नव्हतं. त्यांना पुढचं सापडत नव्हतं. स्पीकरमध्ये त्यांचाच आवाज पुन्हा सुरू झाला होता, आणि तो कोणीच ऐकत नव्हतं. ते उठले आणि केबिनमध्ये गेले. दोन मिनिटांनी शिपाई आला. "केळुसकर, साहेब बोलावतायत."

सभागृहापासून केबिनपर्यंत बावीस पावलं आहेत. आत साहेब बसले होते. समोर यादी, हातात उघडं पेन. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आणखी गायली होती का ती?"

"हो साहेब. मी... पुसलं. पण मूळ कॅसेट घरी आहे."

"माझ्याबद्दल काही बोलली?"

हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला वाकून ऐकावं लागलं. तेव्हा मला दिसलं, की साहेब भ्यायले आहेत. या विषयात माझी नजर चुकत नाही. नाही साहेब, असं म्हणून मी सुटू शकलो असतो. का कोण जाणे, मी म्हणालो, "म्हणाल्या, तिथे कोमल निषाद लागतो."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. डोळे मिटले आणि ती ओळ पुटपुटल्यासारखी म्हटली. मग एक डोळा उघडून मला विचारलं, "आता?"

मला कोमल कळत नाही आणि शुद्धही कळत नाही. पण तो अकरावा विराम मी चाळीस वेळा ऐकला होता.

"नाही साहेब," मी म्हणालो.

चौदा वर्षांत पहिल्यांदाच. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली. साहेबांनी दुसराही डोळा उघडला. मग म्हणाले, "तिला आत बोलवा."

चारुलताबाई आल्या. हातात शाल होती आणि नारळ होता, ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी नारळ टेबलावरच्या यादीवर ठेवला. समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि पदर न सावरता म्हणाल्या, "म्हणा." साहेबांनी म्हटलं. "परत," त्या म्हणाल्या.

मी दाराशी उभा होतो, जा असं कोणी सांगितलं नव्हतं म्हणून. बाहेर लोक खुर्च्या उचलत होते. साडेपाच वाजले. नारळ यादीवर तसाच होता, आणि साहेब सातव्यांदा चुकत होते.